वऱ्हाडची युवराज्ञी दुर्रुशेहवार

कल्याणच्या पुढे उल्हासनगर ओलांडून बदलापूरकडे जाऊ लागले, म्हणजे मध्ये अंबरनाथ लागते. तेथे वालधुनी नदीच्या काठी असलेले काळ्या पाषाणाचे शिवालय आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा एक शिलालेख आहे आणि त्यात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मम्वाणि ऊर्फ मुम्मुणि राजाचे नाव 'महामंडलेश्वर' या पदवीसह आलेले आहे. याच घराण्याच्या ताम्रपटांत आणखी एक बिरुद मोठ्या अभिमानाने मिरविलेले आढळते. ते म्हणजे 'तगरपुरपरमेश्वर'. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील हल्लीचे तेर. कोठे ठाणे, कोठे तेर! मध्ये सह्याद्री उभा, आणि त्यापलीकडे दुसऱ्याच राजांची सत्ता. तेर नगरीवर या कोकणच्या राजांचा अंमल नव्हता. ती आपल्या कुळाची मूळ भूमी, एवढ्याच नात्याने तिचे नाव ते आपल्या नावामागे लावीत राहिले. हातची भूमी जाते, तिची आठवण बिरुदात राहते, हा प्रकार आपल्याकडे असा जुना आहे.

हेच तेर पुढे निजामाच्या राज्यात गेले. सातवे निजाम मीर उस्मान अलीखान यांच्या नावावरून धाराशिवास उस्मानाबाद म्हणू लागले, आणि २०२३ साली त्या जिल्ह्यास पुन्हा धाराशिव हे नाव मिळाले. या निजामांच्या थोरल्या सूनबाई आजच्या भाषणाचा विषय आहेत. त्यांचे नाव दुर्रुशेहवार. जन्माने त्या तुर्कस्थानच्या उस्मानी राजघराण्यातील. शेवटच्या खलिफाची एकुलती एक कन्या. विवाहानंतर काही वर्षांनी त्यांना जो किताब मिळाला, तो ऐकून मात्र आपण मराठी माणसांनी कान टवकारावेत असा आहे. तो किताब म्हणजे 'प्रिन्सेस ऑफ बेरार', अर्थात वऱ्हाडची युवराज्ञी. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा जो आपला कापसाचा काळा मुलूख, त्याच्या नावाने इस्तंबूलची एक राजकन्या जगभर ओळखली गेली. ते कसे घडले, आणि त्या किताबात खरे काय होते, ते आज पाहावयाचे आहे.

प्रथम उस्मानी घराण्यातील स्त्रियांच्या पदव्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्या आपल्या समजुतीहून अगदी निराळ्या आहेत. आपल्याकडे राजाची पत्नी ती राणी, थोरली असेल तर पट्टराणी. राजाची मुलगी मात्र लग्न होऊन परघरी जाते आणि तिचा मान सासरच्या मानावर ठरतो. उस्मानी दरबारात याच्या उलट. तेथे 'सुलतान' ही पदवी पुरुषाच्या नावाआधी लागते आणि राजकन्येच्या नावानंतर लागते. आपण इकडे तिचे 'सुलताना' असे स्त्रीलिंगी रूप करून घेतले; तुर्कांना त्याची गरज कधी भासली नाही. सोळाव्या शतकात सुलेमान बादशहाने आपल्या लाडक्या हुर्रेमशी रीतसर विवाह केला, तिला 'हासेकी सुलतान' म्हणत. परंतु पुढील काळात ही चाल मागे पडली. बादशहाच्या पत्न्यांना नुसते 'कादिन' म्हणू लागले. पहिली ती 'बाश कादिन', तिच्या मागून दुसरी, तिसरी असा क्रम. त्यांच्याही खालची पायरी 'इकबाल'. 'सुलतान' हा शब्द दोघींपुरताच उरला. एक, जिच्या अंगात राजघराण्याचे रक्त आहे ती कन्या. आणि दुसरी, जिचा पुत्र गादीवर बसला आहे ती माता. त्या मातेस 'वालिदे सुलतान' म्हणत, आणि सगळ्या अंतःपुरात तिच्याहून मोठे कोणी नसे. पत्नी म्हणून जे मिळत नाही ते आई म्हणून मिळते, असा हा कायदा. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

दुर्रुशेहवार यांचा जन्म २६ जानेवारी १९१४ रोजी इस्तंबूलच्या आशियाई तीरावर, उस्कुदार भागात झाला. वडील शहजादे अब्दुल मजीद हे घराण्यातील एक राजपुत्र. स्वभावाने ते चित्रकार. त्यांनी काढलेली तैलचित्रे तुर्कस्थानात आजही मानाने जतन केली आहेत, आणि त्यांपैकी एकात अंतःपुरातील स्त्रिया बीथोव्हनचे संगीत वाजवीत बसल्या आहेत. आईचे नाव मेहिस्ती. शहजाद्याची पत्नी ती 'हानिम', म्हणजे आपल्या भाषेत बाईसाहेब. मुलगी मात्र पाळण्यातूनच 'सुलतान'. एकाच घरात आई बाईसाहेब आणि लेक सुलतान! आपल्या वाड्यांतून असे घडते तर आजीबाईंनी काय म्हटले असते, त्याची कल्पनाच करावी.

दुर्रुशेहवार या नावाचाही अर्थ सांगून टाकतो. दुर्र म्हणजे मोती, आणि शहवार म्हणजे राजाला शोभेल असा. पुढे मोत्यांच्या व्यापाराकरिता प्रसिद्ध असलेल्या हैदराबादेत ही कन्या सून म्हणून आली, तेव्हा निजामाने तिला 'दुरदाना बेगम' असे सासरचे नाव दिले. त्यातही मोती कायम राहिला, फक्त राजा तेवढा गळला. निजामांचा तसा काही हेतू असेल असे नव्हे. परंतु योगायोग बोलका आहे.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्थानचा पराभव झाला. हिंदुस्थानातील मुसलमानांत खलिफाच्या भवितव्याविषयी मोठी खळबळ उडाली आणि खिलाफतीची चळवळ उभी राहिली. महात्मा गांधींनी तिला असहकारितेची जोड दिली. मुंबईत भायखळ्यास खिलाफत हाउस अद्याप उभे आहे. परंतु इकडे आपण खलिफासाठी सभा भरवीत असता तिकडे खुद्द तुर्कांनीच निराळा मार्ग धरला. १ नोव्हेंबर १९२२ रोजी अंकाऱ्याच्या राष्ट्रसभेने बादशाही रद्द केली. शेवटचा बादशहा सहावा महंमद ब्रिटिश युद्धनौकेतून निघून गेला, आणि त्याचा चुलतभाऊ अब्दुल मजीद यास राष्ट्रसभेने खलिफा निवडले. खलिफा, पण बादशहा नव्हे. धर्मगुरूचा मान होता, हाती सत्ता तिळमात्र नव्हती. मेहिस्ती 'हानिम' होत्या त्या आता 'कादिन' झाल्या. हे ऐश्वर्य पंधरा-सोळा महिने टिकले.

३ मार्च १९२४ रोजी खिलाफतही रद्द झाली आणि उस्मानी घराण्यातील सर्वांना देश सोडण्याचा हुकूम झाला. शंभराहून अधिक माणसे एका कायद्याने परदेशी ठरली; त्यांचे नागरिकत्व गेले. इतरांना काही थोडे दिवस तरी मिळाले, खलिफास एक रात्रही मिळाली नाही. दोल्माबाहचे राजवाड्यातून त्यास व कुटुंबास मोटारींत बसवून इस्तंबूलबाहेर चतालजा स्टेशनावर नेले, आणि तेथून आगगाडीने युरोपात रवाना केले. शहरातील मुख्य स्टेशनावर नेले असते तर लोक जमले असते, ही भीती. त्या वेळी दुर्रुशेहवार नुकत्याच दहा वर्षांच्या झाल्या होत्या.

श्रोतेहो, आपल्या या टापूत निर्वासित हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांनी बिऱ्हाडे मांडली आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. एका रात्रीत घर सोडणे म्हणजे काय, हे तेथील वृद्ध माणसे पुस्तकातून शिकलेली नाहीत. खलिफाच्या कुटुंबाची हालअपेष्टा त्या तोडीची होती असे मी म्हणणार नाही; राजवाड्यातून निघालेल्यास आगगाडीत बसावयास जागा तरी मिळते. परंतु आपल्या भूमीत पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही, हा निकाल दोघांच्याही कपाळी सारखाच होता.

स्वित्झर्लंडमध्ये काही काळ काढून हे कुटुंब फ्रान्समधील नीस शहरी येऊन राहिले. उत्पन्न नव्हते. तेव्हा हिंदुस्थानातून मदत आली ती मुख्यतः हैदराबादच्या निजामाकडून. दरमहा तीनशे पौंड नेमणूक त्यांनी खलिफास लावून दिली. निजाम त्या काळी जगातील सर्वांत श्रीमंत माणसांत गणले जात, म्हणून ही रक्कम त्यांना काहीच नव्हती, असे म्हणतात. मला मात्र येथे दुसरा विचार सुचतो. निजामाचा पैसा दिवाणी खजिन्यातला असो वा सर्फेखास म्हणून त्यांची जी खासगी जहागीर होती तिच्यातला असो, तो मुळात रयतेच्या घामाचा. त्या सर्फेखासात मराठवाड्यातील गावेही होती. नीसच्या समुद्रकाठच्या त्या घरातील चूल काही अंशी आमच्या ज्वारी-कापसावर पेटत होती, आणि ही गोष्ट ना त्या घराला ठाऊक होती, ना ज्वारी पेरणाऱ्याला.

मदतीपाठोपाठ सोयरिकीची बोलणी निघाली. त्यात मौलाना शौकत अली यांचा पुढाकार होता. निजामांचे थोरले पुत्र आझम जाह यांच्यासाठी खलिफाची कन्या, आणि धाकटे मुअज्जम जाह यांच्यासाठी त्याच घराण्यातील नीलोफर. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीस येथे दोन्ही विवाह एकाच दिवशी झाले. वधू दोन, परंतु पदव्या सारख्या नव्हत्या. दुर्रुशेहवार या राजपुत्राच्या कन्या, म्हणून 'सुलतान'. नीलोफर यांचे राजघराण्याशी नाते आईकडून, वडील बाहेरचे, म्हणून त्या 'हानिमसुलतान'. राज्य जाऊन नऊ वर्षे झाली, देश सुटून सात वर्षे झाली, तरी या पायऱ्या जशाच्या तशा होत्या.

खलिफाची कन्या आणि जगातील श्रीमंत मुसलमान राजाचा वारस, यांच्या पुत्राकडे उद्या खिलाफत येईल काय, अशी चर्चा त्या वेळी वर्तमानपत्रांतून झाली आणि इंग्रज अधिकारी त्यामुळे अस्वस्थ झाले. सतरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर केवढे हे ओझे! तिच्या मनाचा कौल कोणी विचारला होता काय, हे त्या चर्चेत कोठेच दिसत नाही.

वरातीची मंडळी 'पिल्स्ना' नावाच्या आगबोटीने हिंदुस्थानकडे निघाली. त्याच बोटीवर गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतणारे गांधीजीही होते. दहा वर्षांपूर्वी ज्या खिलाफतीसाठी त्यांनी देश हलविला, त्या खिलाफतीची अखेरची कन्या त्यांच्याच बोटीवर, नवपरिणीत वधू म्हणून. २८ डिसेंबर १९३१ रोजी बोट मुंबईस लागली. गांधीजींना पाहावयास अलोट गर्दी लोटली होती. आठवड्याभरात, ४ जानेवारी १९३२ रोजी, ते पुन्हा तुरुंगात गेले. नववधूंना खास आगगाडीने हैदराबादेस नेण्यात आले. त्यांनी पहिल्याने पाहिलेली हिंदुस्थानची भूमी ही अशी आपली मुंबई होय.

आता वऱ्हाडचा प्रश्न.

वऱ्हाडावर हक्क कोणाचा, हा वाद फार जुना. अठराव्या शतकात शाहू छत्रपतींनी 'सेनासाहेब सुभा' ही पदवी दिलेले नागपूरकर भोसले आणि निजाम या दोघांचाही तेथे अंमल चाले; एकाच गावातून दोघांचेही वसुलीदार फिरत. रयत या प्रकाराला दोअमली म्हणे आणि दोघांनाही सारखेच शिव्याशाप देई. १८०३ साली अडगाव व गाविलगड येथे भोसल्यांचा पराभव झाला आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. परंतु निजामासही तो लाभला नाही. इंग्रजांच्या हाताखालील कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी साचली, ती फेडण्याकरिता १८५३ साली डलहौसीने वऱ्हाड आपल्या ताब्यात लावून घेतले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ साली कर्झनने त्यावर कायमचा शिक्का मारला. सालाना पंचवीस लाख रुपये निजामास देऊन वऱ्हाड निरंतरच्या पट्ट्याने घेतले आणि पुढल्याच वर्षी ते मध्यप्रांतास जोडले.

उस्मान अलीखानांना हे सलत होते. महायुद्धात त्यांनी इंग्रजांना पैसा व माणसे पुरविली, आणि त्याबद्दल १९१८ साली त्यांना 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' हा किताब मिळाला, जो हिंदुस्थानात दुसऱ्या कोणा संस्थानिकास नव्हता. त्यांना हवे होते वऱ्हाड. १९२३ साली त्यांनी ते परत मागितले. १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उत्तर दिले, ते संस्थानांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सार्वभौम सत्ता ब्रिटिशांची आहे, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालता येणार नाही, अशा आशयाचा तो फटकारा होता.

पुढे १९३५ चा कायदा आला, संघराज्याची भाषा सुरू झाली, आणि निजामाची मर्जी राखणे इंग्रजांस अगत्याचे वाटू लागले. मग १९३६ च्या ऑक्टोबरात करार झाला. वऱ्हाडावर निजामाचे स्वामित्व आहे हे मान्य करण्यात आले. वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाबरोबर निजामाचेही निशाण लागावे असे ठरले. निजाम 'हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम' झाले. त्यांचा वारस 'हिज हायनेस द प्रिन्स ऑफ बेरार' झाला. आणि वारसाची पत्नी ती 'प्रिन्सेस ऑफ बेरार'. कारभार? तो होता तेथेच, नागपूरच्या सरकारकडे. महसूल? तोही तेथेच. १९३७ साली वऱ्हाडच्या मतदारांनी आपले प्रतिनिधी नागपूरच्या विधिमंडळात पाठविले आणि डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ बनले. त्यात वऱ्हाडच्या युवराजांचे एक अक्षर चालत नव्हते.

देणाराने असे दिले की आपल्या पदरचे काही गेले नाही. घेणाराने असे घेतले की हाती काही आले नाही. आणि ज्या वऱ्हाडच्या नावाने हा देवघेवीचा व्यवहार झाला, त्याला कोणी विचारलेही नाही. लोकनायक बापूजी अणे किंवा ब्रिजलाल बियाणी यांसारखे पुढारी ज्या प्रांतात होते, तेथील माणसे मुकी होती असे कोण म्हणेल?

परंतु हा व्यवहार पोकळ म्हणून सोडून देणे मला बरोबर वाटत नाही. पोकळ किताबाचेही काम असते. शिलाहारांना तगरपूर हवे होते ते कुळाची प्रतिष्ठा सांगण्यासाठी. निजामास वऱ्हाडचे नाव हवे होते ते एवढ्यासाठी, की हक्क सोडलेला नाही, याची नोंद कोठेतरी राहावी. दुर्रुशेहवार यांची गोष्ट निराळी. त्यांना हा किताब मागून मिळाला नाही, जिंकून मिळाला नाही. तो पतीच्या नावाबरोबर आला. त्यांची स्वतःची पदवी 'इम्पीरियल हायनेस', म्हणजे बादशाही घराण्याची. पती नुसते 'हायनेस'. १९३७ साली सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकास हे जोडपे निजामाचे प्रतिनिधी म्हणून लंडनास गेले, तेव्हा दरबारी शिष्टाचाराच्या जाणकारांना ही विषमता नजरेत भरल्यावाचून राहिली नसेल. ज्या घराण्याचे राज्य मुळीच उरले नव्हते त्याची पदवी वरची, आणि ज्याचे राज्य शाबूत होते त्याची खालची.

हैदराबादेत त्यांचे वास्तव्य बेला व्हिस्टा या प्रासादात होते. आज तेथे अधिकाऱ्यांना कारभाराचे शिक्षण देणारे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज आहे. थोरले पुत्र मुकर्रम जाह यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९३३ रोजी माहेरी, नीस येथे झाला. धाकटे मुफ्फखम जाह १९३९ साली हैदराबादेत जन्मले. तुर्की, फ्रेंच, इंग्रजी या भाषा त्यांस येत होत्या, उर्दू त्या सासरी शिकल्या. निजामाच्या जनानखान्यात पडदा कडक. त्या पडद्यात राहिल्या नाहीत. समारंभांना उघडपणे जाणे, भाषणे करणे, शाळा व दवाखाने यांत लक्ष घालणे त्यांनी चालू ठेवले, आणि सासऱ्यांनी त्यास हरकत घेतली नाही. मराठवाड्यात स्त्रियांच्या शिक्षणाची वाट तेव्हा किती बिकट होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना राजवाड्यातील एका स्त्रीने चेहरा उघडा ठेवण्याचे महत्त्व समजेल. मात्र याच राज्यात मराठी मुलास मराठीतून उच्च शिक्षण मिळत नव्हते, हेही विसरता येत नाही. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. त्या विद्यापीठाचे नाव निजाम उस्मान अलीखानांवरून पडले, उस्मानी तुर्कांवरून नव्हे. पुष्कळांचा तसा घोटाळा होतो.

त्यांच्या कहाणीतील मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आहे.

वेरूळच्या लेण्यांपासून थोड्याच अंतरावर खुलताबाद आहे. औरंगजेबाची साधी कबर तेथे आहे, आणि पहिल्या निजामाचीही. तुर्कस्थानात दफन होऊ द्यावयाचे नसेल तर हिंदुस्थानात व्हावे, असा खलिफा अब्दुल मजीद यांचा विचार होता, आणि निजामांनी त्यांच्याकरिता खुलताबादजवळ एक घुमटाची वास्तू उभारविली. २३ ऑगस्ट १९४४ रोजी खलिफा पॅरिसमध्ये वारले. युद्ध चालू होते. दोनच दिवसांनी पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झाले. मृतदेह पॅरिसच्या मशिदीत ठेवण्यात आला. वडिलांना इस्तंबूलच्या मातीत जागा मिळावी म्हणून कन्येने तुर्की सरकारकडे खटपट केली. तिला नकार मिळाला. पुन्हा केली, पुन्हा नकार. एका माणसाची सहा फूट जमीन, आणि तिच्यावर एका राज्याचे धोरण अडून बसले! इकडे १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादेत पोलिस कारवाई झाली, निजामशाहीचा अंत झाला आणि खुलताबादेत खलिफाला आणण्याचा विचार मागे पडला. दहा वर्षे तो देह पॅरिसच्या मशिदीत राहिला. अखेर १९५४ साली मदिनेत दफन झाले. खुलताबादेजवळची वास्तू रिकामीच राहिली.

१७ सप्टेंबर १९४८ हा मराठवाड्याचा मुक्तिदिन. स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी यांनी आणि खेड्यापाड्यांतील असंख्य माणसांनी रझाकारांच्या जुलमाशी झुंज देऊन तो दिवस आणला. निजामशाही गेली याचे दुःख कोणा मराठी माणसास होण्याचे कारण नाही, आणि मलाही नाही. परंतु ज्या स्त्रीविषयी आपण बोलत आहो तिच्या बाजूने पाहिले, तर चोवीस वर्षांत तिच्या डोळ्यांदेखत दुसरे सिंहासन नाहीसे झाले. पहिले माहेरचे, दुसरे सासरचे.

वऱ्हाडही निराळ्या वाटेने गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात. 'वऱ्हाडचे युवराज' हा शब्द तोवर केवळ पत्रव्यवहारात उरला होता. पतिपत्नींचे वास्तव्यही वेगळे झाले. त्या बहुतेक लंडनमध्ये राहू लागल्या. मुलांच्या शिक्षणावर त्यांचा कटाक्ष. मुकर्रम जाह डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये शिकले, मग हॅरो, केंब्रिज आणि सँडहर्स्ट.

२४ फेब्रुवारी १९६७ रोजी सातवे निजाम वारले. गादीचा मान थोरल्या मुलास जावयाचा. परंतु उस्मान अलीखानांनी आझम जाह यांना वगळून नातवास वारस नेमले होते आणि भारत सरकारने ते मान्य केले. मुकर्रम जाह आठवे निजाम झाले. वऱ्हाडचे युवराज शेवटपर्यंत युवराजच राहिले व १९७० साली वारले. आता आरंभी सांगितलेली ती उस्मानी पदव्यांची रीत आठवावी. दुर्रुशेहवार राजाच्या पत्नी कधीच झाल्या नाहीत. राजमाता मात्र झाल्या. माहेरच्या भाषेत हे पद 'वालिदे सुलतान' यांचे, स्त्रीला मिळू शकणारे सर्वांत थोर. तिच्या पणज्यांना या पदाने साम्राज्य हलविता आले होते. हिला ते मिळाले तेव्हा मुलगा तनख्यावर जगणारा नामधारी निजाम होता, आणि १९७१ च्या डिसेंबरात घटनेची सव्विसावी दुरुस्ती होऊन तनखाही गेला, किताबही गेला. वालिदेपण चार वर्षे आणि काही महिने टिकले.

१९५२ साली तुर्कस्थानने घराण्यातील स्त्रियांना परत येण्याची मोकळीक दिली. पुरुषांना आणखी बावीस वर्षे थांबावे लागले. कायद्याने वाट उघडली तरी तोपर्यंत त्यांचे आयुष्य हैदराबाद आणि लंडन या दोन ठिकाणी रुजले होते. हैदराबादेत जुन्या शहरात पुरानी हवेलीजवळ त्यांच्या नावाचे मुलांचे व सर्वसाधारण रुग्णालय चालते. तिकडे नीलोफर यांच्या नावाचेही रुग्णालय आहे, ते अधिक प्रसिद्ध. एकाच दिवशी विवाह झालेल्या त्या दोघी उस्मानी वधूंची नावे आज हैदराबादच्या सामान्य माणसाच्या तोंडी येतात ती आजारी मूल कडेवर घेऊन कोठे जावयाचे हे सांगताना. रिक्षावाल्याला 'सुलतान' आणि 'हानिमसुलतान' यांतील भेद सांगावा लागत नाही.

वऱ्हाडात मात्र त्यांच्या नावाची एखादी खूण असावी तशी ती दिसत नाही. अमरावतीच्या कापूसबाजारात किंवा अकोल्याच्या पेठेत 'प्रिन्सेस ऑफ बेरार' कोण, असे विचारले तर उत्तर मिळेल असे मला वाटत नाही. आणि त्यात वऱ्हाडकरांचा दोष काडीइतकाही नाही. ज्या किताबाने त्यांना काही दिले नाही, त्यांच्यापासून काही घेतलेही नाही, तो त्यांनी कशासाठी स्मरावा? तरीसुद्धा इंग्लंडातील आणि तुर्कस्थानातील पुस्तकांत जेथे जेथे या स्त्रीचे नाव येते, तेथे तेथे आपल्या वऱ्हाडचे नाव तिच्या नावाला चिकटलेले आहे, हा ऋणानुबंध म्हणावयाचा.

७ फेब्रुवारी २००६ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, दुर्रुशेहवार लंडन येथे वारल्या. इंग्लंडातील सरे परगण्यात ब्रुकवूड येथील दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली; त्यांच्या आई मेहिस्ती १९६४ साली तेथेच विसावल्या होत्या. बाईसाहेब आणि सुलतान, दोघी शेजारी. १९७१ नंतर निजामपण गेलेले मुकर्रम जाह पुष्कळ वर्षे ऑस्ट्रेलियात आणि मग तुर्कस्थानात राहिले. जानेवारी २०२३ मध्ये ते इस्तंबूलमध्ये वारले, ज्या शहरातून त्यांच्या आईस दहाव्या वर्षी रातोरात बाहेर काढले होते त्याच शहरात. त्यांचा देह विमानाने हैदराबादेस आणला, आणि मक्का मशिदीच्या आवारात, आसफजाही पूर्वजांच्या रांगेत, त्यांस पुरण्यात आले.